जुने लिव्हर पेन : पारखावे कसे, चालू करावे कसे

जुन्या फाउंटन पेनांबद्दल वाचकांचे प्रश्न फिरून फिरून दोनच ठिकाणी येतात. एक असतो घरात सापडलेल्या पेनचा : ‘नळीवर धातूची लहानशी पट्टी आहे, ती उचलली तरी शाई चढत नाही, पेन गेले का?’ दुसरा असतो विकत घेऊ पाहणाऱ्याचा : ‘लिव्हर छान हलतो, पेन एकदम चालू आहे असे विक्रेता सांगतो; घेऊ का?’ दोन्ही प्रश्नांमागची गफलत एकच. शाई भरणारी यंत्रणा म्हणजेच पेन, असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात लिव्हर पेनमधला सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लवकर खराब होणारा आणि सगळ्यात सहज बदलता येणारा भाग म्हणजे आतली रबरी पिशवी. ती फाटली म्हणून पेन भंगारात जात नाही आणि ती धड आहे म्हणून पेन घेण्यासारखे ठरत नाही. पैसे मोजायचे ते निबसाठी आणि न तडकलेल्या टोपणासाठी.

आधी खात्री करा : हे लिव्हर पेनच आहे ना?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात फोर्ट मॅडिसन या गावी वॉल्टर शेफर यांचे जवाहिऱ्याचे दुकान होते. लिव्हरने भरायच्या पेनचे पेटंट त्यांनी १९०८ साली मिळवले. त्यापूर्वी कॉंकलिन कंपनीच्या पेनांना नळीबाहेर आलेली धातूची चंद्रकोर असे. ती दाबून पेन भरावे लागे. शेफर यांचा लिव्हर मात्र काम झाल्यावर नळीत सपाट बसत असे. थोड्याच वर्षांत वॉटरमनपासून इंग्लंडच्या कॉनवे स्टुअर्ट आणि स्वानपर्यंत बहुतेक मोठ्या कंपन्या लिव्हरची पेने बनवू लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षे ती बनत राहिली.

आतली रचना साधी आहे. नखाने लिव्हर उचलला की त्याचे आतले टोक पत्र्याच्या एका लांबट पट्टीवर दाब देते, पट्टी रबरी पिशवीला चपटे करते आणि आतली हवा निबवाटे बाहेर जाते. लिव्हर खाली घेतला की पिशवी पुन्हा फुगते आणि शाई ओढून घेते. दुरुस्ती करणारे पिशवीला ‘सॅक’ आणि बोटांत धरायच्या पुढच्या भागाला ‘सेक्शन’ म्हणतात. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

कपाटात सापडलेले प्रत्येक जुने पेन लिव्हरचे नसते. घाई करण्याआधी एवढे पाहा :

- नळीच्या बाजूला लिव्हर नाही, पण मागचे छोटे टोपण फिरवून निघते आणि आत धातूचे बटण दिसते : हे बटणाचे पेन. पार्करची जुनी ड्युओफोल्ड अशी आहेत. पार्करने लिव्हर वापरला तो मुख्यतः पार्केटसारख्या स्वस्त पेनांत.
- सेक्शन आट्यांवर फिरून निघते आणि नळी आतून पूर्ण रिकामी आहे : हे ड्रॉपरने भरायचे पेन. राजमहेंद्रीची रत्नम आणि भारतात बनलेली बहुसंख्य जुनी एबोनाइट पेने या जातीची. यात सॅक हरवलेली नसते, ती कधी नव्हतीच. त्यामुळे ‘सॅक बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे असे पेन देऊ नका.
- मागचे टोक धरून लांब दांडा बाहेर ओढता येतो : हे दट्ट्याचे पेन. इंग्लंडचे ओनोटो आणि शेफरची काही पेने अशी आहेत. त्यांची दुरुस्ती वेगळी, खर्च जास्त आणि हौशी माणसाने घरी करण्यासारखी नाही.

नळीवरचे आकडे वाचा

नळीवर कोरलेला मजकूर हा पेनचा जन्मदाखला. तो तिरप्या प्रकाशात भिंगातून वाचा. वॉटरमनने १९१७ पासून क्रमांकांची पद्धत आणली. तीत दशकाच्या जागी ५ म्हणजे लिव्हर आणि एककाचा आकडा म्हणजे निबचा आकार. म्हणून ५२ हे दोन नंबर निबचे लिव्हर पेन आणि ५५ हे पाच नंबर निबचे. ४५२ दिसले तर वर स्टर्लिंग चांदीचे आवरण आहे. एखाद्या ५२ वर भलतेच मोठे निब बसवलेले असेल तर ते मागाहून घातलेले आहे, हे तुम्हाला विक्रेत्याने न सांगताही कळते.

कॉनवे स्टुअर्टच्या नळीवर मॉडेलचा क्रमांक असतो. इस्टरब्रुकमध्ये क्रमांक निबवर असतो, कारण त्यांची निबे आट्यांची आहेत आणि हाताने फिरवून बदलता येतात. २६६८ हे साधे मध्यम, ९६६८ हे तसेच मध्यम पण टोकाला कठीण मिश्रधातूचा मणी असलेले. नऊने सुरू होणारी निबे जास्त टिकतात आणि महागही असतात. दोनने सुरू होणाऱ्या निबचे पेन नऊच्या भावात कोणी देत असेल तर घासाघीस करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

निबवर फक्त ‘वॉरंटेड १४ कॅरट’ एवढेच असेल आणि कंपनीचे नाव नसेल, तर नामांकित पेनच्या बाबतीत ते बहुधा बदललेले निब असते. निब सोन्याचेच आहे, लिहीतही असेल उत्तम. पण मूळ नाही, म्हणून किंमत उतरली पाहिजे. शेफरच्या ‘लाइफटाइम’ निबवर किंवा टोपणावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर भाळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे : ती आजन्म हमी पहिल्या मालकाच्या जन्मापुरती होती.

साहित्य ओळखल्याशिवाय पाणी लावू नका

जुनी पेने सर्वांत जास्त बिघडतात ती नव्या मालकाच्या स्वच्छतेच्या हौसेपायी. पेन घरी आले की ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचे, असा सल्ला सर्रास दिला जातो. आजच्या प्लॅस्टिकच्या पेनला तो चालतो. १९२० च्या पेनला तो मारक ठरतो.

- एबोनाइट : गंधक मिसळून कडक केलेले रबर. काळे, किंवा वॉटरमनच्या पेनांत दिसते तसे लाल-काळ्या लहरींचे. अंगठ्याने जोरात घासले की गंधकाचा वास येतो. ऊन आणि ओल यांनी ते तपकिरी, शेवाळी पडते आणि गरम पाण्याने तर काही मिनिटांत. हा रंग पुसून जात नाही, कारण पृष्ठभागच बदललेला असतो.
- सेल्युलॉइड : शेफरने १९२४ साली ते ‘रॅडाइट’ नावाने आणले आणि रंगीत पेनांचे युग सुरू झाले. घासल्यावर कधी कधी कापरासारखा मंद वास येतो. थोडा वेळ साध्या पाण्याचे त्याला वावडे नाही. उष्णतेने मात्र ते मऊ पडते आणि ज्योतीजवळ भडकन पेटते. ॲसिटोनमध्ये, म्हणजे नेलपॉलिश काढायच्या द्रवात, विरघळते.
- केसीन : दुधातल्या प्रथिनापासून केलेले. कॉनवे स्टुअर्टची जुनी संगमरवरी, चमकदार पेने बरीचशी याची. पाण्यात ठेवले की फुगते, मऊ होते, वाकते. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे, इतकेच त्याला सोसते.

साहित्य ओळखण्यासाठी तापवलेली सुई टोचून बघण्याची जुनी युक्ती काही जण आजही सांगतात. ती करू नका. पेनला भोक पडते आणि सेल्युलॉइड असेल तर बोटेही भाजतात. ओळख पटत नसेल तेव्हा पेन केसीनचे आहे असे समजून वागा. त्यात नुकसान कशाचेच नाही.

फिकट हिरव्या किंवा मोतिया सेल्युलॉइडची नळी लिव्हरच्या आसपास तपकिरी झालेली दिसते. आतली रबरी सॅक कुजताना गंधकाचे वायू सोडते, त्याचा तो परिणाम. हा रंग परत येत नाही. टोपण हिरवेगार आणि नळी चहाच्या रंगाची, असे पेन लिहायला उत्तम आणि संग्राहकांच्या दृष्टीने कमी किमतीचे असते. फक्त लिहायचे असेल तर असेच पेन शोधा.

घेण्यापूर्वी काय पाहावे

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात पेन हातात घेऊन पाहता येते. सोनाराचे दहापट भिंग आणि मोबाइलचा टॉर्च खिशात असू द्या. ऑनलाइन घेत असाल तर याच गोष्टींचे जवळून घेतलेले फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याशी व्यवहार करू नका.

1. टोपणाची कड. टॉर्च टोपणात घाला आणि बाहेरून कडेभोवती बघा. केसासारखी रेष दिसली, किंवा कडेवर फिरवलेले नख अडकले, तर तडा आहे. टोपण लावता-काढता तो वाढतच जातो. अगदी दुर्मीळ पेन नसेल तर सोडून द्या.
2. निबचे टोक. दोन्ही पाती सारख्या लांबीची आहेत का? टोकाचा कठीण मणी दोन्ही बाजूंना शाबूत आहे का? एका बाजूचा उडाला असेल तर निबला नवे टोक लावून घ्यावे लागते. ते काम करणारे मोजके आहेत आणि त्याचा खर्च बहुतेक वेळा पेनच्या किमतीहून जास्त होतो.
3. निबची चीर आणि भोक. भोकापासून बाजूला गेलेला तडा म्हणजे निब दाबून दाबून थकले आहे.
4. लिव्हरची खाच. कडा तुटक्या असतील तर कोणीतरी लिव्हर जोराने उचकटला आहे. खाचेच्या टोकाला तडा असेल तर घेऊ नका.
5. सेक्शनचे तोंड. निब जिथे आत जाते तिथे तडा असेल तर शाई कायम बोटांवर येत राहील.
6. नळीवरचा मजकूर. तो पुसट आणि नळी आरशासारखी चकचकीत असेल तर पेन यंत्रावर घासून काढलेले आहे. चमक दिसते, पण धातूचा मुलामा आणि कोरलेली अक्षरे गेलेली असतात.

लिव्हरची चाचणी या यादीत मुद्दाम घातलेली नाही. तो उचलताना अडला तर तिथेच थांबा. जुनी सॅक वाळून आत दगडासारखी झालेली असते. जोर लावला तर लिव्हरची पिन निघते किंवा नळी फुटते. पेन कानाजवळ हलवल्यावर खुळखुळले तर तेही सॅकचेच तुकडे. यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट भाव पाडायला ते कामाला येते.

नळीवर आधीच्या मालकाचे नाव कोरलेले असेल तर संग्राहक नाक मुरडतात आणि किंमत उतरते. लिहिण्यासाठी पेन घेणाऱ्याला यासारखी सोय नाही. मात्र ते नाव घासून काढायला जाऊ नका. नळी तिथे पातळ होते आणि खड्डा कायमचा दिसतो.

विक्रेत्यांच्या भाषेचा अर्थ

‘अनटेस्टेड’ याचा व्यवहारातला अर्थ ‘बंद आहे’. ‘पाण्याने भरून पाहिले’ याला किंमत फार नाही, कारण जुनी सॅक आज पाणी धरते आणि पुढच्या महिन्यात फुटते. ‘रिस्टोअर्ड’ म्हटले असेल तर तीन गोष्टी विचारा : सॅक कधी बदलली, कशाने चिकटवली, निबवर काही काम केले का. ज्याने खरोखर काम केले आहे तो या प्रश्नांनी खूश होतो आणि तपशीलवार सांगतो.

सगळ्यात महागडा शब्द ‘फ्लेक्स’. दाब दिल्यावर रेघ जाड करणाऱ्या निबांना आज मोठी मागणी आहे आणि वॉटरमन ५२ चे नाव त्यासाठी घेतले जाते. पण प्रत्येक ५२ चे निब लवचीक नसते आणि शेफरची लाइफटाइम निबे तर मुद्दाम कडक केलेली होती, कार्बन कॉपी काढताना दाबून लिहिता यावे म्हणून. फोटोत निब नखावर दाबून पाती फाकवून दाखवली असतील तर सावध व्हा. ज्या निबची ही परीक्षा दहा गिऱ्हाइकांनी घेतली, ते अकराव्याच्या हातात वाकलेलेच येणार.

सॅक बदलायची असेल तर

हे काम शांत डोक्याच्या माणसाला घरी जमते. पण पहिला प्रयोग आजोबांच्या एकुलत्या एका पेनवर करू नका. त्यासाठी एखादे स्वस्त, बिनानावाचे पेन घ्या. सामान थोडेच लागते : योग्य मापाची लॅटेक्सची सॅक, लाख, शंखजिरे, हेअर ड्रायर आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा.

सॅकचे माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात सांगतात. १६ नंबर म्हणजे १६/६४ इंच, म्हणजेच पाव इंच किंवा सुमारे साडेसहा मिलिमीटर. इस्टरब्रुकच्या ‘जे’ मॉडेलला हीच लागते. इतर पेनांसाठी नियम असा : नळीच्या आतल्या भिंतीला आणि पट्टीला न घासता सैलपणे आत जाईल अशी सर्वांत मोठी सॅक घ्या. जास्त शाई मावावी म्हणून ठासून बसवलेली सॅक नीट दबत नाही आणि शाई उलट कमी भरते.

1. सेक्शन आणि नळीच्या सांध्यावर ड्रायर फिरवत राहा, एका जागी धरू नका. सांधा हाताला चांगला गरम लागावा, पण बोट ठेवता यावे. सेल्युलॉइड साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागते, तिथपर्यंत जायचे नाही.
2. ट्यूबच्या तुकड्याने दोन्ही भाग पकडा आणि सेक्शन हलकेच डावी-उजवीकडे डोलवत ओढा. काही पेनांत सेक्शनला आटे असतात, म्हणून डोलवताना फिरते का तेही पाहा. सुटत नसेल तर पुन्हा ऊब द्या, पुन्हा प्रयत्न करा. गरज पडली तर दुसऱ्या दिवशी. उघडी पक्कड लावू नका.
3. जुन्या सॅकचे तुकडे नळीतून काढा. आतली पट्टी गंजून तुटली असेल तर नवी लागेल. शाबूत असेल तर तिची जागा हलवू नका.
4. सेक्शनच्या मागच्या बारीक टोकावरची जुनी लाख नखाने किंवा बोथट पात्याने खरवडून साफ करा.
5. सॅक कापण्याआधी नळीची खोली काडीने मोजा. सॅक नळीच्या तळाला टेकून मुडपता कामा नये, थोडी आखूड ठेवा.
6. त्या टोकावर लाखेचा पातळ हात द्या, सॅक ताणून सरळ चढवा आणि रात्रभर वाळू द्या.
7. सॅकवर बाहेरून शंखजिरे चोळा. त्याने ती पट्टीखाली सहज सरकते आणि नळीला चिकटत नाही. सुगंधी टाल्कम पावडर वापरू नका.
8. सेक्शन परत बसवा आणि पहिली चाचणी पाण्याने घ्या, शाईने नव्हे.

चिकटवायला फेव्हिक्विक वापरू नका, फेव्हिकॉलही नको. पहिला पुढच्या दुरुस्तीला सेक्शन मोडूनच निघतो आणि दुसरा ओलाव्याने सुटतो. लाख शाईला दाद देत नाही आणि ऊब दिली की सोडतेही, म्हणून शंभर वर्षांनंतरही याच कामाला तीच लागते. पेनदुरुस्तीचे सामान विकणारे परदेशी दुकानदार तिची छोटीशी बाटली मागतील त्या भावाला देतात. लाकडाला पॉलिश करणाऱ्याकडची चपडी लाख स्पिरिटमध्ये घट्टसर विरघळवली की काम तेच. जगातल्या लाखेचा मोठा वाटा आपल्या झारखंडातून जातो, हे ती बाटली मागवण्याआधी आठवायला हरकत नाही.

लक्षणे आणि उपाय

पाण्याच्या चाचणीत सेक्शनच्या तोंडापर्यंत पेन बुडवून लिव्हर सावकाश उचला. निबमधून बुडबुडे आले तर सॅक हवा धरते आहे. लिव्हर खाली घेऊन दहापर्यंत अंक मोजा, मग पेन बाहेर काढून पुसा. बहुतेक जण लिव्हर खाली येताच पेन उचलतात. सॅकला फुगायला वेळच मिळत नाही आणि निम्मी शाई भरते.

- लिव्हर लटका आहे, विरोधच जाणवत नाही : सॅक गेली आहे किंवा आतली पट्टी निसटली आहे. सेक्शन उघडावे लागेल.
- लिव्हर सपाट बसत नाही : सॅक जाड पडली आहे किंवा पट्टी तिरकी झाली आहे. दाबून बसवू नका.
- बुडबुडे येतात, पण शाई थोडीच भरते : भरताना निब पुरते बुडत नाही. तसे नसेल तर सॅक लांब पडून मुडपली आहे.
- लिहिताना अचानक थेंब पडतो : शाई संपत आली की सॅकमध्ये हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. हा बिघाड नव्हे. पेन रिकामे होईपर्यंत न थांबता आधीच भरा. विमानात न्यायचे तर पूर्ण भरून निब वर करून ठेवा, नाहीतर रिकामेच न्या.
- बोटांना शाई लागते : आधी टोपणाच्या आत बघा. खिशातल्या धक्क्यांनी तिथे शाई साचते आणि टोपण काढताना सेक्शनला लागते. टोपण पुसूनही थांबले नाही तर सेक्शनचा तडा शोधा.
- पहिले अक्षर उमटत नाही : निबखालच्या जिभेत जुनी शाई अडकली आहे. साध्या पाण्याने चार-पाच वेळा भरून रिकामे करा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. शाईच्या जागी पाणी ओतून दोन दिवस ठेवण्याची गरज नाही.
- निब कागद ओरबाडते : भिंगातून समोरून पाहा. एक पाते वर, एक खाली असेल तर खालचे पाते नखाने अलगद वर उचला, किंचितच. पॉलिश पेपरला हात लावू नका. टोकाचा मणी एकदा घासला की परत येत नाही, आणि चार जुनी निबे हाताखालून गेल्याशिवाय कुठे थांबायचे हे कळत नाही.

शाई आणि साठवण

कॅमल, ब्रिल, सुलेखा, क्विंक, यांपैकी फाउंटन पेनची कोणतीही साधी निळी शाई जुन्या पेनला मानवते. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई कधीही नको. ती जिभेत वाळली की पाण्याने निघत नाही. चमकीच्या शायांचेही तेच. मोतिया किंवा फिकट पेनात लाल-जांभळ्या शाया डाग सोडतात. दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवात १९३१ साली शाईच्या पुड्या आणि गोळ्यांपासून झाली. तशी एखादी जुनी पुडी घरात सापडली तर जपून ठेवा, पेनमध्ये घालू नका.

लिव्हर पेन बंद करून महिनोन्महिने ठेवायचे असेल तर आधी पाण्याने धुऊन रिकामे करा. सेल्युलॉइडची पेने हवाबंद डब्यात किंवा रबरबँड लावून ठेवू नका, रबराचे वायू तिथेही रंग खातात. एबोनाइटची पेने उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवा आणि पावसाळ्यात ओलसर कपाटात कोंबू नका.

दुरुस्तीला देताना, आणि फसगत झाली तर

पेन दुसऱ्याला दुरुस्तीसाठी देत असाल तर तीन अटी आधी सांगा : पॉलिशच्या यंत्रावर पेन धरायचे नाही, मूळ निब बदलायचे नाही, काढलेले भाग परत द्यायचे. देण्यापूर्वी निबचा आणि नळीवरच्या मजकुराचा फोटो घ्या. दुरुस्तीची पावती मागायला संकोच करू नका.

खरेदीतले हक्क विक्रेता कोण यावर ठरतात. नियमित व्यवसाय करणारा विक्रेता असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. ऑनलाइन विक्रीमंचाला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचे शुल्क नाही.

घरातले एखादे पेन सहज विकणाऱ्या खासगी माणसाला हे ई-कॉमर्स नियम लागत नाहीत. तिथे मालविक्री कायदा, १९३० उपयोगी पडतो : माल वर्णन करून विकला असेल तर तो वर्णनाशी जुळला पाहिजे. म्हणून ‘१४ कॅरट मूळ निब’, ‘कुठेही तडा नाही’ अशी वाक्ये विक्रेत्याकडून लेखी घ्या, मेसेजमध्येही चालतील. ‘मस्त पेन आहे’ याला वर्णन म्हणत नाहीत. यूपीआयने दिलेले पैसे आपल्याला परत ओढता येत नाहीत, तेव्हा अनोळखी विक्रेत्याला पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. पार्सल उघडतानाचे चित्रीकरण सलग, न थांबवता करा.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कर धरूनच भाव ठरवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांना व्यावसायिक विक्रेत्याकडून घरबसल्या घेतलेली वस्तू साधारणपणे १४ दिवसांत रद्द करता येते. खासगी विक्रेत्याला आणि लिलावगृहातल्या समक्ष लिलावाला हा नियम लागत नाही.

पहिले पेन कोणते?

पहिले लिव्हर पेन लिहिण्यासाठीच घेत असाल तर वॉटरमन ५२ च्या मागे लागू नका. त्याचे एबोनाइट नाजूक असते आणि ‘फ्लेक्स’च्या नावाने किंमत फुगलेली असते. कॉनवे स्टुअर्ट देखणे, पण केसीनचे असेल तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचे कोडकौतुक पुरवावे लागते. १९४० च्या दशकापासून बनलेले इस्टरब्रुक ‘जे’ हे त्यातले सगळ्यात सोयीचे. नळी दणकट, सुटे भाग मिळतात, निब बिघडले तर फिरवून काढायचे आणि दुसरे लावायचे. शिवाय ते भरपूर संख्येने बनले, म्हणून अजून आवाक्यात आहे. बंद असलेले घ्या, नऊने सुरू होणारे एक निब शोधा आणि त्याच खेपेला १६ नंबरच्या दोन सॅक मागवा. पहिली कापताना आखूड झाली तर दुसरी हाताशी असते.